भिवंडीतून महाविद्यालयापर्यंत : प्रवेशप्रक्रियेचा आढावा

भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक नोंदली गेली. यंत्रमाग, सायझिंग आणि अलीकडे गोदामे यांवर जगणारे हे शहर आहे, तर भोवतालच्या तालुक्यात आगरी, कुणबी, वारली, कातकरी आणि ठाकूर समाजाची गावे-पाडे आहेत. इथल्या विद्यार्थ्याला दहावी ते पदवी या टप्प्यात एका नव्हे, तर अनेक स्वतंत्र प्रवेशप्रक्रियांना सामोरे जावे लागते. अकरावीचा प्रवेश शिक्षण संचालनालय करते, पदविकेचा तंत्रशिक्षण संचालनालय, कला-वाणिज्य-विज्ञान पदवीचा मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल. प्रत्येकाचे संकेतस्थळ, वेळापत्रक आणि कागदपत्रांची यादी वेगळी असते. या सर्व प्रक्रियांमध्ये गुणांचे महत्त्व उघड असते. मात्र कोणत्या गटातून, कोणत्या शुल्कात आणि किती सवलतीसह प्रवेश मिळणार हे बरेचसे दाखल्यांवर आणि मुदतींवर ठरते, आणि त्यांची तयारी निकालानंतर सुरू करून भागत नाही.

अकरावी

मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २००९ पासून होत आहेत. पुढे ही पद्धत पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती इथे गेली व २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, गुण आणि आरक्षणाचा प्रवर्ग भरायचा असतो, तर दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम. २०२५ मध्ये किमान एक आणि कमाल दहा पसंतीक्रम देण्याची मुभा होती. पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक होते आणि तो न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होत असे. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचे मिळाल्यास मात्र पुढच्या फेरीची वाट पाहता येत होती.

या एका नियमावरून पसंतीक्रम कसे लिहावेत ते ठरते. पहिल्या क्रमांकावर असेच महाविद्यालय असावे, जे मिळाल्यास विद्यार्थी विनातक्रार जाईल. मित्राने भरले म्हणून किंवा नाव मोठे म्हणून लिहिलेले आणि रोज गाठणे अशक्य असलेले महाविद्यालय पहिल्या जागी नको. मधल्या क्रमांकांवर गेल्या वर्षीच्या कटऑफच्या आसपासची आणि शेवटी हमखास मिळणारी दोन-तीन महाविद्यालये असावीत. कटऑफ पाहताना तो आपल्या प्रवर्गाचा, आपल्या शाखेचा आणि अनुदानित की विनाअनुदानित तुकडीचा आहे, हे तपासावे लागते. एकाच महाविद्यालयाच्या दोन तुकड्यांच्या शुल्कात मोठी तफावत असू शकते. गुणवत्ता यादीसाठी दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात.

केंद्रीय फेऱ्यांखेरीज तीन कोटे असतात : संस्थेच्याच शाळेतील विद्यार्थ्यांसाठी इनहाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक. अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा त्या समाजासाठी राखीव असतात. भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल व कनिष्ठ महाविद्यालय आणि जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय यांसारख्या संस्था असल्याने अल्पसंख्याक आणि इनहाउस कोट्यांचा विचार इथल्या घरांत आधी होतो. कोट्यातून प्रवेश निश्चित झाला की केंद्रीय फेरीतला दावा संपतो. म्हणून गुण चांगले असतील तर आधी केंद्रीय फेरीतल्या शक्यता पाहणे हिताचे.

राज्यात अकरावीच्या जागा एकूण अर्जदारांपेक्षा जास्त आहेत. २०२५ मध्ये त्या वीस लाखांहून अधिक होत्या आणि दरवर्षी हजारो रिकाम्या राहतात. टंचाई असते ती ठरावीक महाविद्यालयांतल्या विज्ञान शाखेची. त्यामुळे अकरावीत खरा निर्णय महाविद्यालयाच्या नावाचा नसून शाखेचा आणि विषयांचा असतो. गणित सोडले तर अभियांत्रिकीचा आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शाखांचा रस्ता जवळपास बंद होतो. ज्याचा कल ठरलेला नाही त्याने दोन्ही विषय ठेवावेत, पण त्यात वाढणारा अभ्यासाचा भार आधीच मोजावा.

पदविका आणि आयटीआय

दहावीनंतर अकरावी हा एकच मार्ग नाही. तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि त्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. ज्या घराला मुलाने लवकर कमावते व्हावे असे वाटते पण शिक्षणही थांबू नये अशी इच्छा आहे, त्याला हा मार्ग बारावी-सीईटीपेक्षा सुरक्षित ठरतो. आयटीआयचे प्रवेशही केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन या ट्रेडना कारखाने आणि गोदामे दोन्हीकडे काम असते, आणि आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे.

मागांच्या शहरात वस्त्रतंत्रज्ञानाचा विचार मात्र क्वचित होतो. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये वस्त्रोद्योगाचे शिक्षण दीर्घकाळ दिले जाते, तिथल्याच आयसीटीमध्ये तंतू व वस्त्रप्रक्रियेची स्वतंत्र शाखा आहे आणि इचलकरंजीची डीकेटीई ही संस्था याच विषयासाठी ओळखली जाते. या शाखांचा कटऑफ सहसा संगणकशास्त्रापेक्षा बराच खाली असतो. घरच्या धंद्याची जाण असलेल्या मुलाला त्यातून नामांकित संस्थेत जागा मिळू शकते.

पारंपरिक पदवी

बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.साठी मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालयात स्वतंत्र अर्ज करायचा असतो आणि महाविद्यालये आपापल्या गुणवत्ता याद्या लावतात. इथे अकरावीसारखी एकत्रित वाटपाची सोय नाही. म्हणून भिवंडीतल्या बी. एन. एन. महाविद्यालयाबरोबरच कल्याण-ठाण्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांत अर्ज करून ठेवणे शहाणपणाचे. त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेल्यांना पदवीला प्राधान्य मिळते. त्यामुळे अकरावीची निवड पदवीपर्यंत पोहोचते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षानंतर ऑनर्स आणि मध्येच थांबल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका, अशी तिची घडण आहे. श्रेयांक जमा राहण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढावा लागतो. त्यातले नाव आधार आणि गुणपत्रिकेशी जुळले पाहिजे. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम मात्र पारंपरिक राहिलेले नाहीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कक्षेत आल्यावर २०२४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र सीईटी घेतली जाते. बारावी वाणिज्यचे अनेक विद्यार्थी ही सीईटी न देता निकालाची वाट पाहतात आणि मग त्यांना फक्त उरलेल्या जागांचा पर्याय राहतो.

सीईटी आणि कॅप

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि राज्यात जागा झपाट्याने वाढल्या. त्याबरोबर देणग्याही वाढल्या. १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारा कायदा झाला, तर प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनाचा आजचा कायदा २०१५ चा आहे. सीईटी सेल, प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण ही आजची चौकट त्यातून उभी राहिली.

एमएचटी-सीईटी पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) अशा दोन गटांत होते. दोनशे गुणांच्या या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणून अकरावीचे वर्ष वाया घालवणे महागात पडते. गुणवत्ता पर्सेंटाइलवर ठरते. बारावीचे गुण अभियांत्रिकीत केवळ पात्रतेपुरते लागतात : ठरलेल्या तीन विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के.

केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, म्हणजे कॅपमध्ये, २०२५ पासून चार फेऱ्यांची रचना आली. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाल्यास ती आपोआप पक्की होते. अकरावीप्रमाणे इथे पर्यायांची संख्या दहापुरती मर्यादित नसते, त्यामुळे पर्याय भरण्यात कंजुषी करण्याचे कारण नाही. क्रम मात्र खऱ्या इच्छेनुसार असावा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलल्याने काहीच साधत नाही, कारण संगणक वरून खाली तपासत जातो आणि वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही.

इथे एक नियम पालकांच्या ध्यानात उशिरा येतो. अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय जागांपैकी मोठा हिस्सा त्या विद्यापीठक्षेत्रातल्या, म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या, विद्यार्थ्यांसाठी असतो आणि होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली यावर ठरते. अकरावी-बारावीसाठी मुलाला लातूर किंवा नांदेडला पाठवल्यास तो मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातला उमेदवार राहत नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न ठाणे-मुंबईतले महाविद्यालय हेच ध्येय असेल तर हा तोटा आधी पाहावा.

वैद्यकीय

एमबीबीएस, बीडीएस, आयुष यांचे प्रवेश नीट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या फेऱ्यांतून भरल्या जातात. राज्यात पूर्वी असलेले ७०:३० हे प्रादेशिक सूत्र २०२० मध्ये रद्द झाले. त्यामुळे भिवंडीचा विद्यार्थी राज्यातल्या कुठल्याही शासकीय महाविद्यालयासाठी बरोबरीने स्पर्धा करतो. जवळच्या पर्यायांत कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२४ मध्ये अंबरनाथच्या नव्या शासकीय महाविद्यालयाची भर पडली.

राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात आणि अधिवासही लागतो. कोटासारख्या शहरात शिकवणीला पाठवून बारावीचा अर्ज राजस्थानातल्या शाळेतून भरणे, किंवा गावी आजी-आजोबांकडे ठेवून उत्तर प्रदेशातून दहावी करणे, यात ८५ टक्के जागांवरचा हक्क जाऊ शकतो.

दाखले आणि तारखा

भिवंडीतल्या प्रवेशांची खरी गुंतागुंत इथे आहे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात. अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले तहसीलदारांकडून मिळतात. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत ‘व्हॅलिडिटी’, लागते. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयाच्या पत्रासह करता येतो. निकालानंतर अर्ज करणाऱ्यांसाठी शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे, पण ती दरवेळी मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

जातीचा दाखला आणि वैधता यांसाठी कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य एका ठरावीक तारखेपूर्वीचे असल्याचे पुरावे मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे. शहर स्थलांतरितांनी उभे केलेले असल्याने या तारखा इथे घराघराला विभागतात. उत्तर भारतातून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांची काही घराणी एकोणिसाव्या शतकापासून इथे आहेत, तर काही जण मागांच्या वाढीबरोबर सत्तर-ऐंशीच्या दशकांत आले. राज्याच्या यादीत जुलाहा, मोमीन, अन्सारी हे इतर मागासवर्गात आहेत. पण १९६७ नंतर आलेल्या कुटुंबाला तेच नाव असूनही राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. पद्मानगर परिसरातल्या तेलुगू पद्मशाली कुटुंबांचेही असेच आहे. विशेष मागास प्रवर्गात त्यांचा समावेश असला तरी वास्तव्याचा पुरावा जुना हवा.

स्थलांतराबरोबर आरक्षण दुसऱ्या राज्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. तो खटलाही प्रवेशाचाच होता. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधी तो दाखल केला होता.

जुने पुरावे म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, नगरपालिकेची घरपट्टी, सातबारा, जुने भाडेकरार. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या नातेवाइकाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरेच सोपे होते. अडचण येते ती नोंदींतल्या विसंगतीची. जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते, आडनाव एका कागदावर अन्सारी आणि दुसऱ्यावर मोमीन असते, तेलुगू घरांत आडनाव आधी की नंतर यावरून तीन कागदांवर तीन नावे होतात. आदिवासी पाड्यांवर तर आजोबा शाळेत गेलेलेच नसतात आणि कोतवाल बुकातली जन्मनोंद हाच आधार उरतो. यातले दुरुस्तीचे आणि शोधाचे काम महिनोन्‌महिने चालते, म्हणून ते नववी-दहावीतच सुरू करावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि जात शाळेत असतानाच तपासून घेणे सर्वांत स्वस्त पडते.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि २०२४ च्या कायद्याने दहा टक्के आरक्षण मिळालेला सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते. त्याची मुदत चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, ते पाहावे लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या आणि आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आर्थिक दुर्बल घटकांचे दहा टक्के आहेत. माग कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते आणि हातात फॉर्म १६ नसतो. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाच आधार, आणि तोही दरवर्षी ताजा काढावा लागतो.

माध्यम आणि प्रवास

भिवंडीत उर्दू आणि मराठी माध्यमांतून दहावी करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. नीट मराठी आणि उर्दूतूनही देता येते. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठी व उर्दूत असतात, गणिताचे मात्र फक्त इंग्रजीत. महाविद्यालयातले पुढचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीत होत असल्याने, परीक्षेची भाषा कोणतीही निवडली तरी पारिभाषिक शब्द अकरावीपासून इंग्रजीत ओळखीचे करून घेणे गरजेचे ठरते.

प्रवासाचा हिशेब पसंतीक्रमाआधी करावा. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे आणि तिथून धावणाऱ्या गाड्या मोजक्या असतात. कल्याण किंवा ठाणे गाठायला बस, रिक्षा आणि वाहतूक कोंडी यांवरच बरेच अवलंबून राहावे लागते, आणि कुर्ला-माटुंग्यापर्यंत रोज जायचे तर दिवसाचे तीन-चार तास जातात. मुलींच्या बाबतीत अंतर हेच शिक्षण थांबण्याचे कारण होऊ शकते. अशा घरांत जवळचे महाविद्यालय निवडून अभ्यासक्रम चांगला घेणे हा कमीपणा नव्हे.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि अल्पसंख्याकांसाठी राज्याची शिष्यवृत्ती व मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्ज या योजना आहेत.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्क सवलतींना एक समान अट असते : प्रवेश कॅपमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला सवलत सहसा लागू होत नाही. त्यामुळे दोन महाविद्यालयांची तुलना जाहीर शुल्कावर करून चालत नाही. कॅपमधून मिळालेल्या थोड्या कमी नावाजलेल्या महाविद्यालयाचे चार वर्षांचे निव्वळ शुल्क, नामांकित महाविद्यालयातल्या कोट्याच्या जागेच्या कितीतरी खाली येऊ शकते. मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि त्याहून जास्त मागणे बेकायदा आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

निकालानंतरचे निर्णय

‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ कॅपच्या फेऱ्या सुरू असतानाच भेटतात. केंद्रीय फेरीतली जागा कोणाच्या ओळखीने मिळत नाही. राज्याबाहेरच्या किंवा अनोळखी संस्थेत जायचे असल्यास विद्यापीठाला यूजीसीची आणि अभ्यासक्रमाला एआयसीटीई, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, फार्मसी कौन्सिल किंवा बार कौन्सिल यांपैकी संबंधित संस्थेची मान्यता आहे का, ते तपासावे. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते.

चांगली जागा नंतर मिळाली तर आधीचा प्रवेश रद्द करता येतो. ठरलेल्या मुदतीत रद्द केल्यास किरकोळ कपात वगळता शुल्क परत मिळते. मूळ कागदपत्रे रोखून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही. मात्र रद्द करण्याची विनंती संकेतस्थळावर नोंदवावी लागते. तोंडी सांगणे किंवा जाणे बंद करणे म्हणजे रद्द करणे नव्हे.

अपेक्षित गुण न मिळाल्यास पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय असतो. तो घेताना पहिल्या प्रयत्नात कमी पडलेले कारण स्पष्ट असावे आणि ते वर्षभरात भरून निघण्याजोगे असावे. तसे नसेल तर मिळालेल्या अभ्यासक्रमात प्रवेश घेऊन पुढे जाणे बरे, कारण पदविकेनंतर पदवी, पदवीनंतर एमबीए, एमसीए, विधी किंवा बी.एड. यांच्या सीईटी पुन्हा खुल्या असतात. गॅप घेतल्यास पुढच्या अर्जावेळी त्याचे प्रतिज्ञापत्र लागते आणि उत्पन्नाचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला नव्या वर्षासाठी पुन्हा काढावा लागतो. फेऱ्यांचे नियम, पसंतीक्रमांची संख्या आणि मुदती दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन वाचणे हे पालक आणि विद्यार्थी दोघांचेही काम आहे.